आधी वाट, मग बाग

मे महिन्याची सुट्टी लागली की मुंब्र्यातल्या आमच्या इमारतीत निम्म्या दारांना कुलपे दिसू लागतात. कोणी खेडला गेलेले असते, कोणी म्हसळ्याला, कोणी श्रीवर्धनला. आम्हीही दरवर्षी मंडणगड तालुक्यातल्या आमच्या गावी जातो. बाणकोटच्या खाडीजवळ डोंगराच्या उतारावर आमचे जांभ्या दगडाचे कौलारू घर आहे. घरापुढे अंगण, मागे नारळी-पोफळीची लहानशी वाडी आणि वाडीच्या टोकाला विहीर. अब्बांच्या इंतेकालनंतर तिथे अम्मी एकटीच राहते. मुंब्र्याला चल म्हटले की तिचे उत्तर ठरलेले असते. "तुमच्या खिडकीतून दुसऱ्यांची खिडकीच दिसते. मी दिवसभर करू काय?"

यंदाच्या सामानात दोन वस्तू नेहमीपेक्षा वेगळ्या होत्या, एक लांब मोजपट्टी आणि एक आलेखाची वही. त्या वहीत आम्ही दोघांनी, म्हणजे आम्ही आणि पत्नीने, रात्री जागून गावच्या अंगणाची बाग आखली होती.

या बागेची गोष्ट सुरू झाली ती एका अपघातापासून. गेल्या पावसाळ्यात फज्रची नमाज पढून अम्मी कोंबड्यांचे खुराडे उघडायला निघाली. मागच्या दाराबाहेरच्या चिऱ्यावर शेवाळ धरले होते. पाय घसरला आणि उजवे मनगट मोडले. आम्हाला कळले ते दुपारी, आणि तेही मागच्या घरातल्या काकींच्या फोनवरून. अम्मीने बहुधा सांगितलेच नसते.

मग तीन भावांचे फोन सुरू झाले. थोरले भाईजान कुवेतला असतात. ते म्हणाले, "सगळ्या अंगणात पेव्हर ब्लॉक टाकून मोकळे व्हा. पैसे मी पाठवतो." धाकटा दोह्याला असतो. त्याला घरापुढे हिरवळ हवी होती आणि वाडीच्या मागे उंच भिंत. "मागून वाटेल तो आपल्या वाडीतून जातो," हे त्याचे जुने दुखणे. आम्ही पडलो शिक्षक. पैसा त्यांच्याकडे, सुट्टी आमच्याकडे. त्यामुळे काम आमच्याकडे आले.

पनवेल, पेण, माणगाव करत आम्ही महामार्ग सोडला आणि म्हसळ्यावरून बागमांडल्याला पोहोचलो. तिथून गाडीसकट फेरीबोटीत चढायचे आणि पलीकडे वेसवीला उतरायचे. ही सावित्री नदीची खाडी. अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे रत्नागिरी. समुद्राच्या तोंडाशी टेकडीवर बाणकोटचा किल्ला आहे. इंग्रजांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले होते, हे आम्ही मुलांना दरवर्षी सांगतो आणि मुले ते दरवर्षी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ऐकतात.

या पट्ट्यातून जाताना ३ जून २०२० ची आठवण येतेच. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आले आणि इकडच्या वाड्या आडव्या झाल्या. ज्या नारळ-पोफळींना आजोबांनी पाणी घातले होते, ती झाडे काही तासांत गेली. पोफळीचे रोप लावले तर उत्पन्नाला यायला पाच-सात वर्षे लागतात. पैसे मिळाले तरी ती वर्षे विकत मिळत नाहीत. आमच्या वाडीतल्या अठरा नारळांपैकी सात उरले. अंगणातला फणस मुळासकट पडला, त्याने अर्धा गडगा आणि पाखाडीच्या वरच्या पायऱ्या मोडल्या. टाळेबंदीचे दिवस होते, आम्हाला येता आले नाही. नंतर झाड तोडून लाकूड नेले गेले, पण मोडलेली वाट तशीच राहिली. अम्मी मग त्या जागेला वळसा घालून, शेवाळ असलेल्या बाजूने जाऊ लागली. ती तिथेच पडली.

घरी पोहोचल्यावर चहा झाला आणि आम्ही वही उघडली. त्या आखणीचे मूळ सांगायला हवे. शाळेच्या सहलींबरोबर आम्ही औरंगाबादचा बीबी का मकबरा दोनदा पाहिला आहे. सतराव्या शतकात दिलरस बानू बेगम यांच्यासाठी बांधलेली ती वास्तू सगळे पाहतात. आमचे मन मात्र तिथल्या चारबागेवर बसले होते. मधोमध इमारत, चारी दिशांना सरळ वाटा, वाटांबरोबर पाण्याचे पाट आणि मध्ये सारखे चौकोन. आम्ही तसेच चार चौकोन आमच्या अंगणात काढले होते. मध्ये एक लहान हौजही होता.

अम्मीने चष्मा लावला, वही उलटी-सुलटी करून पाहिली आणि विचारले, "हे कोणाच्या घरचे आहे?"

"आपल्याच. अम्मी, हे बघ, इथे गुलाब..."

"अंगण उतरते आहे. हौजातले पाणी एका अंगाला उभे राहील का? आणि खुराड्याकडे जायला मी या दोन कोपऱ्यांना वळसा घालू?"

मुले हसली. आम्हाला जरा राग आला, कबूल करतो. पण प्रश्न बरोबर होता. मकबऱ्याची बाग सपाट जमिनीवर, कमी पावसाच्या मुलखात आहे. आमच्याकडे जमीन उताराची आणि पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. तिथे पाणी आणण्यासाठी पाट लागतात, इथे पाणी घालवण्यासाठी. तरीही चारबागेतली एक गोष्ट आम्ही ठेवली. त्या बागांत वाट नेहमी वाफ्यांपेक्षा उंच असते, म्हणून पाणी वाटेवरून वाफ्याकडे जाते, वाफ्यातून वाटेवर येत नाही. एवढे एक तत्त्व घेतले आणि वही मिटली.

पत्नीने सुचवले की दोन दिवस काहीच करू नये, फक्त अम्मीकडे पाहावे. थोरली मुलगी नववीत आहे. तिने हे काम अंगावर घेतले. अम्मी कुठून कुठे जाते ते तिने कागदावर टिपले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चुन्याच्या रेघा अंगणात ओढल्या. त्या रेघा पाहून आम्ही चकित झालो. ओटीवरून पाखाडीच्या तोंडाशी दिवसातून तीन-चार वेळा. मागच्या दारातून खुराड्याकडे, तिथून कढीपत्त्याजवळून न्हाणीकडे. वजूसाठी ती आतला नळ सोडून अंगणातल्या डोणीवर जाते, कारण तिथे बसायला दगड आहे. आणि सर्वांत जास्त फेऱ्या कुठे? मागच्या बाजूला, वाडीतून विहिरीवरून शेजारच्या घराकडे. यांतल्या एकाही वाटेवर आमच्या वहीत वाट नव्हती. वहीतल्या वाटा जिथे होत्या, तिथे कोणीच चालत नव्हते.

गावातले मिस्त्रीमामा सत्तरीच्या पुढचे आहेत. आता ते स्वतः चिरा उचलत नाहीत, मुलगा आणि दोन गडी काम करतात आणि मामा आंब्याखाली बसून सूचना देतात. त्यांनी पहिला प्रश्न केला, "मास्तर, पुढची वाट किती रुंद?"

आम्ही म्हणालो, तीन फूट पुरे.

मामांनी मान हलवली. "तीन फुटांत माणूस जातो. माणसाला घेऊन चार माणसे जात नाहीत."

आमच्याकडे रस्ता खालीच संपतो. आजारी माणसाला खुर्चीत बसवून पाखाडीने खाली न्यावे लागते. नवरी याच वाटेने वर येते आणि जनाजा याच वाटेने खाली जातो. अब्बांचा जनाजा निघाला तेव्हा मोडलेल्या पायऱ्यांपाशी खांदेकऱ्यांना एकामागे एक व्हावे लागले होते. ते आम्ही डोळ्यांनी पाहिले होते, तरीही आम्ही तीन फूट म्हणालो. पुढची वाट पाच फुटांची ठरली. अंगणातल्या वाटा तीन फुटांच्या.

दगड जांभाच. लाल मातीच्या आमच्या मुलखाने दुसरा दगड वापरायचा कशाला? बुकॅनन नावाच्या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ साली विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटेराइट नाव दिले. नाव त्याने दिले असले तरी गुण आपल्या लोकांना आधीच ठाऊक होता. खाणीतून काढताना हा दगड मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो आणि हवा लागली की घट्ट होतो. म्हणून मामांनी अगदी ताजे चिरे घेऊ दिले नाहीत. गावातल्या एका पडक्या गोठ्याचे जुने चिरे मालकाकडून विकत घेतले. स्वस्त पडले आणि पावसात मुरलेले मिळाले.

काम असे झाले. वाटेची माती एक वीतभर खणून काढली. ती सुपीक माती टाकली नाही, नारळाच्या आळ्यांत घातली. खाली खडी पसरून धुम्मसाने ठोकली, वर चिऱ्याचा चुरा, त्यावर चिरे आडवे बसवले. सांध्यांत सिमेंट भरले नाही, चुराच भरला, म्हणजे थोडे पाणी तिथल्या तिथे जिरते. वाट दोन्ही बाजूंच्या जमिनीपेक्षा तीन इंच उंच ठेवली आणि तिला एका अंगाला किंचित उतार दिला, चार फुटांना साधारण एक इंच. त्या बाजूने उथळ पाट काढून पाणी नारळांकडे वळवले. कौलांच्या पागोळ्या जिथे पडतात तिथे वाट घेतलीच नाही. तिथे हातभर पट्टा नदीतल्या गोट्यांचा केला, म्हणजे चिखल भिंतीवर उडत नाही आणि पायाखालीही येत नाही.

पायऱ्यांवरून मामांशी आमचा थोडा वाद झाला. आम्हाला जुन्या पायऱ्या तशाच ठेवून फक्त मोडलेल्या दुरुस्त करायच्या होत्या. मामांनी मोजपट्टी मागितली. एक पायरी नऊ इंच, पुढची सात, त्यापुढची साडेआठ. "म्हातारा माणूस उंच पायरीने पडत नाही," ते म्हणाले, "वेगवेगळ्या पायऱ्यांनी पडतो. पहिली पायरी पायाने मोजलेली असते, पुढची तो न मोजता टाकतो." वरच्या सगळ्या पायऱ्या पाच इंच उंचीच्या आणि रुंद पाऊल मावेल अशा नव्याने केल्या. चढाची लांबी वाढली, वेळ लागला, चिरेही जास्त लागले. पृष्ठभाग गुळगुळीत न ठेवता छिन्नीने टाचे मारले. एका बाजूला लोखंडी नळीचा कठडा लावला. भाईजानना नक्षीदार कठडा हवा होता. अम्मीने हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, मुठीत मावेल असा साधा असू दे.

झाडांची जागा वाटांनी आपोआप ठरवली. न्हाणीचे पाणी जाते तिथे केळ आणि अळू. डोणीजवळ पुदिना आणि गवती चहा. ओटीजवळ मोगरा आणि अनंत, म्हणजे मगरिबनंतर वास घरात येतो. पाखाडीच्या तोंडाशी मेंदीचे झुडूप जुनेच होते, ते छाटून ठेवले. ईदच्या आदल्या रात्री गावातल्या मुली पाने मागायला येतात, त्यांना अंगणात शिरावे लागू नये. वादळात गेलेल्या नारळांच्या जागी पाच रोपे घेतली, एकमेकांपासून पंचवीस फुटांवर, आणि वाटेपासून लांब. नारळाखालून वाट नेऊ नये हे वेगळे सांगायला नको, पण आमच्या वहीत ती तशीच गेली होती.

शोभेसाठी वाटेच्या कडेला दगडांची रास रचावी, असे पत्नीने एका मासिकातल्या चित्रावरून सुचवले होते. मामांनी हात जोडले. आमच्या कातळात फुरसे असते. दगडांच्या फटीत ते बसून राहते आणि संध्याकाळी वाटेवर येते. म्हणून वाटेच्या दोन्ही कडांना फूटभर जागा मोकळी ठेवली, दाट झुडपे मागे सरकवली आणि न्हाणीच्या वळणावर एक दिवा लावला.

आता राहिली मागची वाट. खरी अडचण तीच होती.

वाडीच्या मागच्या गडग्यात एक खिंड आहे. तिथून पायवाट शेजारच्या कुणबी घराकडे जाते. आमची विहीर दोन्ही घरे वापरतात. आता त्यांच्याकडे नळ आहे, पण एप्रिल-मेमध्ये नळाला पाणी कमी येते आणि काकींच्या सुना कळश्या घेऊन आमच्या विहिरीवर येतात. धाकट्या भावाचे म्हणणे असे की नळ आला, आता वाट कशाला? उद्या ते हक्क सांगतील. त्याने भिंतीचे पैसे वेगळे पाठवले होते. खरे सांगायचे तर आम्हालाही त्याचे थोडे पटत होते. कागदोपत्री त्या वाटेची नोंद नाही आणि गावात अशा वाटांवरून झालेले तंटे आम्ही पाहिले आहेत.

रात्री जेवणानंतर आम्ही विषय काढला. फोनवर धाकटा होता, आवाज सर्वांना ऐकू येत होता. अम्मी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वादळाच्या दिवशी कौले उडाली, फणस पुढच्या वाटेवर पडला. तुझ्या अब्बांना धाप लागली होती. तेव्हा पुढून कोणी येऊ शकले असते का?"

त्या दिवशी काकींचे दोन मुलगे मागच्या खिंडीतून आले होते. अब्बांना पाठीवर घेऊन त्यांनी आपल्या स्लॅबच्या खोलीत नेले. त्या रात्री आमचे आई-वडील त्यांच्याकडे राहिले. आम्ही तिघे भाऊ तीन गावांत बसून फोन लावत होतो आणि फोन लागत नव्हते. आणि गेल्या वर्षी अम्मी पडली तेव्हा तिची हाक ऐकू गेली ती याच वाटेने.

"नळ आला म्हणून शेजार गेला का?" अम्मीने विचारले. "तुम्ही वाटणी करा, मी अडवत नाही. पण वाट वाटू नका."

फोनवर काही वेळ शांतता होती. धाकटा म्हणाला, "ठीक आहे, तू आहेस तोवर राहू दे. पुढचे पुढे बघू." त्याचे पूर्ण समाधान झाले नाही, हे आम्हाला समजते. आम्ही शाळेत शेजाऱ्याच्या हक्कांवर दरवर्षी बोलतो. वाटेतला काटा बाजूला करणे हीसुद्धा सदका आहे, हे मुलांकडून पाठ करून घेतो. आणि घरच्या बागेत आम्ही वाटेवर भिंतच घालायला निघालो होतो. हा हिशेब त्या रात्री आमचा आम्हालाच करावा लागला.

मागची वाट दोन फुटांचीच ठेवली, पण चिरे तेच, उतार तोच. खिंडीत गुरे शिरू नयेत म्हणून बांबूचे लहान फाटक लावले, त्याला कुलूप नाही. काकींच्या धाकट्या मुलाने चिरे वाहायला दोन दिवस हात लावला आणि मजुरी घेतली नाही. भिंतीच्या पैशांतून, धाकट्याला विचारून, विहिरीचा कठडा नीट केला.

वाचकांपैकी अनेकांची गावाकडे अशी घरे आहेत. वर्षातले आठ-दहा दिवस आपण तिथे राहतो आणि बाकीचे दिवस तिथे कोणी म्हातारे माणूस राहते. हल्ली सुट्टीत जाऊन आपण फरशा बसवतो, हिरवळ लावतो, फोटो काढतो आणि परततो. ते घर ज्याचे रोजचे आहे त्याच्या पायांना विचारत नाही. आमचे एवढेच सांगणे आहे की आराखडा काढण्याआधी दोन दिवस नुसते पाहा. कोण कुठून जाते, कुठे हात टेकते, कुठे थांबून श्वास घेते, कुठे पाणी साचते. रोज चालल्या जाणाऱ्या वाटेवर आधी दगड बसवा. फुलझाडे पुढच्या वर्षीही लावता येतात.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शाळा सुरू झाली आणि तिकडे पाऊसही लागला. आम्ही रोज फोन करून विचारत होतो, पाणी कुठे थांबते का, शेवाळ धरते का. अल्हम्दुलिल्लाह, वाटेवर पाणी थांबत नाही. पावसाने उघडीप दिली की काकींचा मुलगा तारेच्या ब्रशाने चिरे घासतो आणि न्हाणीकडच्या सावलीतल्या भागावर ब्लीचिंग पावडर टाकतो. नारळाची एक रोपटी मेली, चार जगली आहेत.

परवा अम्मीने स्वतःहून फोन केला. आम्हाला वाटले, बागेचे कौतुक करील. ती म्हणाली, वरून तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा जराशी उंच झाली आहे, मामांना सांग. आम्ही म्हणालो, अम्मी, आम्ही स्वतः मोजली होती, पाच इंचच आहे. ती म्हणाली, "तू पट्टीने मोजलीस. मी रोज पायाने मोजते."

दिवाळीच्या सुट्टीत इन्शाअल्लाह पुन्हा जाणार आहोत. मोजपट्टी सामानात आधीच ठेवली आहे. आलेखाची वही मात्र धाकट्या मुलाने गणिताच्या गृहपाठाला घेतली.